गळाचें वाङ्मय आणि ‘मत्स्यविनोद’

इंग्रजी वाङ्मयाशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे अशा वाचकांस एका गोष्टीचें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. गळ टाकून मासे धरण्याच्या छंदावर त्या भाषेंत जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें दुसऱ्या एखाद्या खेळावर क्वचितच लिहिलें गेलें असेल. इंग्लंडांत छापखाना आला १४७६ सालीं. वीस वर्षें लोटतात न लोटतात तोंच, १४९६ सालीं, गळाच्या मासेमारीवरचा एक निबंध तेथें छापून बाहेर पडला. पुढें १६५३ सालीं आयझॅक वॉल्टन या लंडनच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें ‘द कंप्लीट अँगलर’ हें पुस्तक लिहिलें, आणि तें आजतागायत पुनःपुन्हां छापलें जात आहे. ज्यानें जन्मांत गळ हातीं धरिलेला नाहीं असा वाचकहि तें आवडीनें वाचतो. मराठींत मात्र या विषयावरचें, वाङ्मय म्हणून चार रसिकांच्या तोंडीं असलेलें एकहि पुस्तक दाखवितां येत नाहीं.

याचें कारण विचारलें असतां सुशिक्षित माणसाकडून बहुधा एक ठराविक उत्तर मिळतें. तें असें कीं, हा छंद थंड देशांतला. ट्राउट नांवाचा मासा, डोंगरांतला निळा तलाव, कडाक्याची थंडी आणि हातांत भरपूर फावला वेळ, एवढी सामग्री जेथें जुळून येते तेथेंच तो फुलतो. आमच्या देशांत ही सामग्री नाहीं, म्हणून तें वाङ्मयहि नाहीं. हें उत्तर वरवर पाहतां पटण्याजोगें दिसतें. परंतु तें खरें आहे काय, याचा विचार करण्यासाठींच आम्ही हा लेख लिहीत आहों. आमच्या मतें तें खरें नाहीं. सामग्री आमच्याकडे होती, ग्रंथहि होता. आणि तो वॉल्टनच्या पुस्तकाहून पांच शतकें जुना आहे.

प्रथम त्या थंड तलावाकडेच पाहूं. कारण त्यावांचून तुलना नीट करतां यावयाची नाहीं. मासा हा शीतरक्ताचा प्राणी. भोंवतालचें पाणी जितकें थंड, तितकें त्याचें शरीरहि थंड, आणि तितकाच त्याचा जीवनव्यापार मंद. पाण्याचा एक चमत्कारिक धर्म असा कीं, तें सुमारें चार अंशांवर सर्वांत जड असतें. त्यामुळें डोंगरांतल्या खोल तलावाचा पृष्ठभाग जरी गोठला, तरी तळाशीं चार अंशांच्या आसपासचें पाणी शिल्लक राहतें, आणि मासे तेथें खालीं जाऊन बसतात. त्यांची भूक मंदावलेली असते. उन्हाळ्यांत झडप घालणारा ट्राउट या दिवसांत आमिषाला तोंड लावतो न लावतो इतक्या हळू स्पर्श करतो. म्हणून हिंवाळ्यांत गळ टाकणाऱ्यानें आमिष लहान ठेवावें, खोल सोडावें, हळूहळू हलवावें, आणि दोरीला येणारा सूक्ष्म कंप बोटांनीं ओळखावा, एवढीच काय ती त्या खेळाची विद्या. तींत शक्तीचें काम थोडें, वाट पाहण्याचें काम फार. आणि जेथें वाट पाहणें फार, तेथें माणूस विचार करूं लागतो, आठवूं लागतो, बोलूं लागतो. या छंदांतून वाङ्मय कां निपजलें, याचें मर्म येथें आहे. वॉल्टन स्वतः हिंवाळ्यांतल्या ट्राउटाला रोडावलेला व रोगट म्हणून नापसंत करीत असे. कारण त्याच्या नद्यांतला तपकिरी ट्राउट शरदाच्या शेवटीं व हिंवाळ्यांत अंडीं घालतो आणि त्या श्रमानें क्षीण होतो. तरीहि वाट पाहण्याचा जो रस त्याच्या पुस्तकांत आहे, तोच हिंवाळी तलावाच्या कांठीं बसणाऱ्यांच्या लेखनांत उतरलेला आहे.

हा ट्राउट हिंदुस्थानांत मुळींच नव्हता. तो इंग्रजांनीं आणिला. १८६३ सालीं फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानें निलगिरीच्या पाण्यांत तो रुजविण्याचा प्रयत्न केला, तो फसला. विसाव्या शतकाच्या आरंभीं मात्र निलगिरींत आणि काश्मिरांत त्याची वस्ती झाली. सह्याद्रींत तो कधींच टिकला नसता. कारण पाणी सुमारें वीस अंशांच्या वर गेलें कीं तो अस्वस्थ होतो, आणि आमच्या डोंगरांतलीं पाणीं उन्हाळ्यांत त्याहून पुष्कळच तापतात. एवढ्यापुरतें वरील उत्तर बरोबर आहे. परंतु ट्राउट नाहीं म्हणून गळाचा मासाच नाहीं, हें अनुमान चुकीचें आहे. दख्खनच्या नद्यांत म्हसीर आहे. खवल्यांचा, बळकट, धारेविरुद्ध जाणारा हा मासा गळाला लागल्यावर जी झुंज देतो, तिच्यावर अनुभवी साहेब लोक इतके लुब्ध झाले कीं, हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासेकडील मुलकी अधिकाऱ्यानें १८७३ सालीं ‘द रॉड इन इंडिया’ हें सबंध पुस्तक मुख्यतः त्याच्याच जोरावर लिहिलें, आणि जिम कॉर्बेटनें १९४४ सालच्या आपल्या नरभक्षक वाघांच्या पुस्तकांत त्याच्यासाठीं एक प्रकरण राखून ठेविलें. म्हणजे मासा आमचा, पाणी आमचें, आणि त्यावरचें वाङ्मय मात्र परक्या भाषेंत! तेव्हां उणीव सामग्रीची नव्हती, हें उघड आहे.

आतां त्या जुन्या ग्रंथाकडे वळूं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर ११२६ सालीं गादीवर आला. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. तें कर्नाटकांतील बीदर जिल्ह्यांत आहे, आणि त्या प्रांतांत मराठी आजहि बोलली जाते. या राजानें शके १०५१ च्या, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचिला. ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हें त्याचेंच दुसरें नांव. त्याच्या पांच विंशति आहेत, आणि प्रत्येक विंशतींत वीस अध्याय, अशी शंभर अध्यायांची ती बांधणी आहे. राज्य कसें मिळवावें, कसें स्थिर करावें, मिळालेल्या राज्याचा उपभोग कसा घ्यावा, मन कसें रमवावें आणि क्रीडा कशा कराव्या, असा त्याचा क्रम. चौथी विंशति विनोदांची. येथें विनोद या शब्दाचा अर्थ आजच्या मराठींतला थट्टामस्करी असा घ्यावयाचा नसून मनोरंजन, करमणूक असा घ्यावयाचा आहे. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, लावे, मेंढे, कबुतरें, कुत्रे असे विनोद एकामागून एक सांगत सोमेश्वर ससाण्यांपर्यंत येतो, आणि त्याच्या लगेच पुढें जो अध्याय येतो त्याचें नांव ‘मत्स्यविनोद’.

बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं हा ग्रंथ तीन भागांत संपादिला. पहिला भाग १९२५ सालीं आणि शेवटचा १९६१ सालीं प्रसिद्ध झाला. मत्स्यविनोदाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधण्याचें श्रेय सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञाकडे जातें. त्यांनीं १९५१ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या अध्यायावर विस्तृत लेख लिहिला. शास्त्रज्ञांनीं त्याची परीक्षा केली. वाङ्मयाच्या दृष्टीनें मात्र ती करण्याचें आमच्याकडून राहून गेलें आहे.

या अध्यायांत आहे तरी काय? पस्तिसाच्या आसपास मासे त्यांत नांवानिशीं सांगितलेले आहेत. ते समुद्रांतले कीं गोड्या पाण्यांतले, मोठे कीं लहान, खवल्यांचे कीं बिनखवल्यांचे, अशा भेदांनीं त्यांची विभागणी केली आहे. रोहित, पाठीन हीं नांवें संस्कृतज्ञांच्या परिचयाचीं. त्या नामावळींत म्हसीरहि आहे, असें त्या माशाचे अभ्यासक मानतात. नंतर कोणत्या माशाला काय रुचतें तें येतें. धान्याच्या व तिळाच्या गोळ्यांपासून मांसाच्या तुकड्यांपर्यंत निरनिराळें खाद्य निरनिराळ्या माशांसाठीं सांगून, तें नेमलेल्या ठिकाणीं टाकून मासे पोसावे व जमवावे, असा विधि दिला आहे. त्यानंतर दोरी, काठी आणि गळ यांचें वर्णन. आणि शेवटीं प्रत्यक्ष खेळ, म्हणजे मासा लागल्यावर त्याला खेळवून कसें आणावें, हा भाग.

या रचनेंतली पहिली गोष्ट आमच्या मनांत भरली ती ही कीं, अध्यायाचा मोठा भाग माशाला धरण्यांत नसून माशाला ओळखण्यांत व खाऊं घालण्यांत गेलेला आहे. गळ येतो तो मागाहून. ज्याला माशाचें नांव ठाऊक नाहीं, त्याचें राहण्याचें ठिकाण ठाऊक नाहीं, त्याची आवड ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं काठी देण्यांत अर्थ नाहीं, असें जणूं सोमेश्वर सुचवितो. निरीक्षण आधीं आणि कौशल्य नंतर, हा कोणत्याहि विद्येचा खरा क्रम होय, आणि तो बाराव्या शतकांतल्या एका राजानें करमणुकीच्या प्रकरणांत पाळावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे. दुसरा गुण त्याच्या भाषेचा. ‘मानसोल्लासा’ची संस्कृत रचना साधी, कामापुरती, कोठें कोठें ओबडधोबडहि आहे, परंतु वस्तूचें नांव घेण्यास ती कधीं लाजत नाहीं. दरबारी काव्यांत मासा येतो तो सुंदरीच्या चंचल नेत्रांची उपमा होऊन. येथें तो मासा म्हणूनच येतो. आमच्या जुन्या वाङ्मयांत हा मान माशाला फार थोड्या ठिकाणीं मिळाला आहे.

एवढे गुण मान्य करूनहि, वॉल्टनच्या शेजारीं हा अध्याय ठेवला असतां त्याचें उणेपण लपत नाहीं. या दोन पुस्तकांत एक योगायोगाचें साम्य आहे, तें प्रथम सांगतों. वॉल्टननें पहिल्या आवृत्तींत दोनच पात्रांचा संवाद योजिला होता: एक गळ टाकणारा आणि एक वाटसरू. १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें वाटसरूच्या जागीं शिकारी आणिला आणि ससाणे बाळगणारा तिसरा गृहस्थ त्यांत घातला; मग तिघेहि आपापल्या छंदाची थोरवी गाऊं लागले. सोमेश्वराच्या ग्रंथांत श्येनविनोद, मत्स्यविनोद आणि मृगयाविनोद हे तीन अध्याय नेमके एकापुढें एक येतात. तेच तीन छंद, तीच शेजारजवळीक. परंतु वॉल्टनच्या हातीं त्यांचे तीन माणूस झाले, सोमेश्वराच्या हातीं तीन प्रकरणेंच राहिलीं. वॉल्टनचा गळकरी बोलतो, चुकतो, पावसांत झाडाखालीं थांबतो, रिकाम्या हातीं परततो, खानावळींत गाणें ऐकतो. सोमेश्वराच्या अध्यायांत रिकाम्या हातीं परत येणारा कोणी नाहीं. राजाचा मासा सुटत नाहीं. राजाला थंडी वाजत नाहीं. राजा वाट पाहत नाहीं.

हें असें कां झालें, याचें उत्तर लेखकांच्या सामाजिक स्थानांत आहे. वॉल्टन हा साधा व्यापारी. त्याचें पुस्तक निघालें तेव्हां त्याच्या देशांत यादवी युद्ध होऊन गेलें होतें, १६४९ सालीं राजाचा शिरच्छेद झाला होता, आणि तो स्वतः पराभूत पक्षाचा होता. नदीकांठची शांतता त्याला विकत मिळण्यासारखी नव्हती. ती सकाळीं लवकर उठून, मैलोगणती चालून मिळवावी लागे. म्हणून ती शांतता त्याच्या लेखणींतून आर्द्र होऊन उतरली. सोमेश्वराला नदी हवी तेव्हां हजर. नेमलेल्या ठिकाणीं नित्य चारा टाकावयास राजा स्वतः जात नसणार, हें सांगावयास पुरावा नको. तें काम करणारा, पाण्याकडे पहांटेपासून डोळे लावून बसणारा, अमुक मासा आज अमुक खडकापाशीं आहे असें सांगणारा कोणीतरी भोई किंवा कोळी असलाच पाहिजे. ती पस्तीस नांवेंहि, निदान त्यांतलीं पुष्कळशीं, त्याच्याच तोंडून आलेलीं असावीं. कारण त्यांतलीं कित्येक कोशांतल्या संस्कृताच्या साच्यांत बसत नाहींत. वाट पाहणारा माणूस त्या दृश्यांत होता. ग्रंथांत मात्र त्याला जागा मिळाली नाहीं. आमच्या मतें मत्स्यविनोदाचें वाङ्मयीन न्यून तें हेंच. त्यांत विद्या आहे, तिचा धनी नाहीं.

परंतु एक न्यून असलेला ग्रंथ पुढच्या लेखकांना वाट दाखवूं शकतो. मत्स्यविनोदाला मराठींत वारस कां मिळाला नाहीं, हा प्रश्न उरतोच. आणि येथें एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच विनोदविंशतींत, मृगया आटोपतांच, गीतविनोदाचा अध्याय येतो. त्यांत निरनिराळ्या देशभाषांतील गीतांचे मासले दिले आहेत. आणि मराठी भाषेच्या अभ्यासकांनीं जुन्यांत जुनें मराठी पद्य म्हणून ज्याचा मोठ्या कौतुकानें उल्लेख केला आहे, तें पद्य तेथेंच आहे. त्याचा विषय काय, तर मत्स्यावतार! रसातळांतून वेद वर आणणाऱ्या नारायणाचें तें स्तवन आहे. म्हणजे एकाच ग्रंथांत, थोड्याच पानांच्या अंतरानें, संस्कृतांत मासा गळाला लागतो आणि मराठींत मासा देव होऊन वेद तारतो. पुढच्या मराठी वाङ्मयानें या दोहोंपैकीं कोणती वाट धरिली, हें सांगावयास नको.

ती वाट फार जुनी होती. शतपथब्राह्मणांत मनूच्या ओंजळींत हात धुण्याच्या पाण्याबरोबर एक लहानसा मासा येतो आणि माझें रक्षण कर म्हणून विनवितो. मनु त्याला आधीं भांड्यांत, मग खड्ड्यांत वाढवितो आणि शेवटीं समुद्रांत सोडतो. तोच मासा पुढें जलप्रलयांत मनूची नौका ओढून नेतो. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत वर्षांतील कांहीं ठरावीक दिवशीं मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत, अशी आज्ञा आहे. आणि भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले, त्यांत जिभेच्या लोभानें गळाला लागून मरणारा मासा हा एक गुरु आहे. एकनाथमहाराजांनीं या स्कंधावरील आपली विस्तृत मराठी टीका १५७३ सालीं काशीस पुरी केली. पैठणास गोदावरीच्या कांठीं जन्म काढलेल्या त्या पुरुषाला गळ, आमिष आणि मासा हीं कांहीं पुस्तकांतून शिकावीं लागलीं नसतील. परंतु त्या टीकेचा वाचक कोठें उभा आहे, हें पाहण्यासारखें आहे. मत्स्यविनोदाचा वाचक काठी धरलेल्या हाताशीं उभा असतो. एकनाथी भागवताचा वाचक गळ गिळणाऱ्या तोंडाशीं असतो. विषयाला भुलून गळाला लागणारा जीव तो तूंच, असें त्याला सांगितलें जातें. ज्या समाजानें चारशें वर्षें हा दृष्टांत कीर्तनांतून ऐकला, त्या समाजांत गळ टाकण्याच्या मौजेवर रसाळ पुस्तक लिहावयास कोण बसणार? आमच्या वाङ्मयानें माशाची बाजू घेतली, आणि ती मनापासून घेतली.

लोकाचारांतहि तेंच दिसतें. देहूस इंद्रायणीच्या डोहांतले मासे कोणी धरीत नाहीं. यात्रेकरू त्यांना खाऊं घालतात. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड म्हणून एक डोह आहे. तेथें देवीच्या नांवानें म्हसीर राखलेले आहेत, आणि त्यांनाहि चारा टाकण्याची रीत आहे. मत्स्यविनोदांतला निम्मा विधि या दोन ठिकाणीं जसाच्या तसा चालूं आहे: नेमलेली जागा, नेमलेलें खाद्य, वर येणारे मासे आणि कांठावर कौतुकानें पाहणारीं माणसें. फक्त गळ तेवढा काढून टाकलेला आहे. हा फरक आम्हांस अभिमानास्पद वाटतो, हें सांगण्यांत आम्हांस संकोच नाहीं.

तथापि टीकाकारानें केवळ अभिमानावर थांबूं नये. माशाची बाजू घेतांना आमच्या वाङ्मयानें आणखी एका गोष्टीकडे पाठ फिरविली. गळ निंद्य ठरला तेव्हां गळ धरणाऱ्याची विद्याहि लिहिण्यास अयोग्य ठरली. राजाच्या ग्रंथांत जो भोई अदृश्य होता, तो संतांच्या ग्रंथांत दृष्टांतापुरता दिसला, आणि सुशिक्षितांच्या पुस्तकांतून तर नाहींसाच झाला. त्याचीं नांवें टिपून ठेवण्याचें काम शेवटीं परक्यांनीं केलें. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी दख्खनभर हिंडला, आणि १८३९ च्या सुमारास त्यानें येथील माशांचीं वर्णनें लंडनमध्यें प्रसिद्ध केलीं. येथल्या लोकांच्या तोंडचीं नांवें जशीं कानीं पडलीं तशींच त्यानें शास्त्रीय नांवांत घातलीं. दख्खनचा म्हसीर जगभरच्या ग्रंथांत आजहि ‘खुद्री’ म्हणून ओळखला जातो तो त्यामुळेंच. ‘रोहती’ हें तर एका सबंध माशांच्या कुळाचें नांव होऊन बसलें. मुळामुठेच्या कांठच्या कोण्या अज्ञात मच्छिमाराचा शब्द लॅटिनच्या पंक्तीस जाऊन बसला, आणि पुण्याच्या सुशिक्षित घरांत तो कोणास ठाऊक नाहीं!

आमच्यांतल्या कांहीं थोड्यांनीं हें ऋण ओळखलें, हेंहि नमूद केलें पाहिजे. मत्स्यशास्त्रज्ञ कुळकर्णी यांनीं १९४० सालीं मुंबईकडच्या निमखाऱ्या पाण्यांतल्या एका इवल्याशा पारदर्शक माशाचें वर्णन केलें आणि त्याला होरांचें नांव दिलें, त्याच होरांचें, ज्यांनीं पुढें मत्स्यविनोद उजेडांत आणिला. १९५२ सालीं कृष्णेच्या खोऱ्यांतला, दुसऱ्या माशांचीं खवलें ओरबाडून खाणारा एक मासा त्यांनीं शास्त्रापुढें मांडला; त्याचें शास्त्रीय नांव त्यांनीं ‘खवलचोर’ असें ठेविलें. एका शब्दांत एवढें चरित्र सांगणारें नांव कोणा कवीलाहि सुचणें कठीण. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीजयोजनेच्या वळवण तलावाकांठीं म्हसिराचीं अंडीं फुलवून पिलें नद्यांत सोडण्याचें जें काम १९७० नंतर वाढीस लागलें, त्याच्या मुळाशींहि याच कुळकर्ण्यांचें संशोधन आहे. ट्राउट हिंवाळ्याच्या तोंडाशीं वितो, तर दख्खनचा म्हसीर पावसाळ्यांत, हें ज्यांना ठाऊक होतें त्यांनींच तें काम केलें. म्हणजे मासा पोसण्याची सोमेश्वराची विद्या आमच्यांत मेली नाहीं; ती प्रयोगशाळेंत गेली. साहित्यांत तेवढी ती आली नाहीं.

या प्रश्नाचें निकडीचें स्वरूप पाहावयाचें असेल, तर मुंबईच्या उत्तर वेशीवरील पेणकरपाड्यासारख्या ठिकाणीं जावें. तेथून एका अंगास बोरिवलीचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांच्या पोटांत १८७९ सालीं बांधलेला तुळशीचा तलाव आहे, आणि तेथून दहिसरची नदी निघते. दुसऱ्या अंगास भाईंदरची खाडी, तिवरांचें रान आणि मिठागरांच्या जागा. डोंगरांतला तलाव, गोडी नदी आणि खारी खाडी हीं तिन्ही एका दिवसाच्या चालीच्या आंत सांपडणारी अशी जागा मत्स्यविनोदाच्या वाचकाला दुसरी कोठें मिळेल? तलावाभोंवतालचें रान आतां राष्ट्रीय उद्यान आहे, तेथें गळ टाकणें कायद्यानें निषिद्ध आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु निषेध गळाला आहे, ज्ञानाला नाहीं. खाडीकडे पाग टाकणाऱ्या आगरी-कोळी घरांत बोय, निवटी, जिताडा, शिंगाळा, चिंबोरी हीं नांवें आणि त्यांच्या भरतीओहोटीच्या वेळा अजून तोंडपाठ आहेत. शेजारच्या उंच इमारतींत राहणाऱ्या मराठी मुलाला त्यांतलीं किती नांवें सांगतां येतील? त्याला सामन ठाऊक असतो, ट्राउटहि ठाऊक असतो. कारण ते इंग्रजी पुस्तकांतून येतात. ज्या माशाविषयीं कोणी लिहिलें नाहीं तो मासा सुशिक्षिताच्या जगांतून नाहींसा होतो, मग तो खाडींत कितीहि उड्या मारीत असो.

कोणी म्हणेल, मासे धरणाऱ्यांची विद्या लिहिली म्हणजे मासे धरण्याला उत्तेजन दिल्यासारखें होणार नाहीं काय? ही शंका प्रामाणिक आहे, आणि एकनाथांच्या परंपरेला साजेशीहि आहे. परंतु मत्स्यविनोदाचा आमचा अनुभव उलट सांगतो. तो अध्याय वाचून मनांत राहतो तो गळ नव्हे. मनांत राहतात तीं पस्तीस नांवें आणि प्रत्येकाच्या आवडीचा वेगवेगळा घास. देहूच्या डोहांत जो पीठाचा गोळा टाकतो, त्याला त्या माशाचें नांव आणि त्याचा विणीचा काळ ठाऊक असेल, तर त्याची भूतदया अधिक डोळस होईल. नदींत कारखान्याचें पाणी सोडलें जात असतां गप्प बसणें आणि घाटावर उभें राहून पिठाचे गोळे टाकणें, हीं दोन्ही एकाच माणसाला साधतात तीं अज्ञानामुळेंच.

म्हणून आमची सूचना अशी आहे. मत्स्यविनोदाचें सटीप मराठी भाषांतर व्हावें; आणि त्या टीपा पंडितानें एकट्यानें ग्रंथालयांत बसून लिहूं नयेत. सोमेश्वराच्या प्रत्येक नांवापुढें आजचा मासा कोणता, हें गोदावरी, भीमा, कृष्णा यांच्या कांठच्या भोयांना आणि खाडीकांठच्या कोळ्यांना विचारून लिहावें, आणि ज्यानें तें सांगितलें त्याचें ऋण त्या पानावर मान्य करावें. राजानें जें केलें नाहीं तें एवढें केलें, तरी मूळ ग्रंथाचें न्यून आठ शतकांनंतर भरून निघेल. पुढें एखाद्या कोळ्याच्या किंवा भोयाच्या घरांतूनच, हिंवाळ्याच्या पहांटे पाण्यावर वाट पाहणाऱ्या आपल्या आज्याविषयीं लिहिणारा लेखक निघाला, तर मराठीला वॉल्टनची उसनवारी करावी लागणार नाहीं. त्या लेखकाला शब्दांची वाण पडूं नये, एवढी तजवीज करणें आजच्या वाचकांच्या व प्रकाशकांच्या हातीं आहे. ती त्यांनीं वेळेवर करावी, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतों.